कलिपाच्या हातातली गिर्या

मित्रांनो, मी गिर्या. म्हातारी आहे, पण म्हातारपणानं माझं वजन एक तोळाही घटलेलं नाही. तेव्हा सोळा किलो, आजही सोळा किलो. ज्यांनी गिर्या पाहिली नसेल त्यांनी तोफेचा लोखंडी गोळा डोळ्यांसमोर आणावा आणि त्याला वर एक जाड कडी लावावी. ताकद कमवणारी माणसं मला कडीला धरून उचलतात, झुलवतात, डोक्यावर नेतात. मला तोंड नाही, म्हणून जे पाहिलं ते सगळं पोटात राहिलं. आज बोलते. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. माझ्या आयुष्यात मारामारीच जास्त झाली.

माझा जन्मसुद्धा मारातून झाला. बिश्केक शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. तिथल्या एका ओतशाळेत मोडके नांगर, घोड्यांचे झिजलेले नाल, कुठल्याशा रणगाड्याच्या पट्ट्यांचे तुकडे असं सगळं भट्टीत कोंबलं आणि त्याचा लाल रस वाळूच्या साच्यात ओतला. ओतताना एक शिंतोडा उडाला आणि एका कामगाराच्या बुटात शिरला. तो गुरासारखा ओरडला. लोक त्याला ओढत घेऊन गेले, दुसरा माणूस त्याच्या जागी उभा राहिला आणि ओतणं चालूच राहिलं. मग घण घालून साचा फोडला, छिन्नीनं माझ्या कडा तोडल्या, पोटावरचा सोळाचा आकडा घासून साफ केला. जन्मताच मी दुसऱ्याची किंकाळी ऐकली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलंय.

नारीन नदीकाठच्या एका गावात मेळा भरला होता. तिथे शार्शेन नावाच्या घोडेवाल्यानं सगळ्यांना हरवून मला बक्षीस म्हणून जिंकलं. काय माणूस होता! मान बैलाची, पंजे फावड्याएवढे. रोज सकाळी अंगणात तो मला शंभर वेळा डोक्यावर न्यायचा. पोरंटोरं कुंपणावर बसून मोठ्यानं मोजायची. लोक म्हणायचे, "शार्शेनच्या हातात जोर आहे तो त्या गिर्येचा." हे ऐकून मी फुगून जायची. खोटं कशाला बोलू?

मग ते हात मी दुसऱ्या कामाला लागलेले पाहिले. शार्शेनची बायको कलिपा सामुदायिक गोठ्यात गाई दुहायची. सकाळी त्याच्या मुठीत माझी कडी असायची आणि संध्याकाळी तिची वेणी. मटणाचा शोर्पा खारट झाला म्हणून मारायचा, शोर्पा अळणी झाला म्हणून मारायचा, घोडा हरला म्हणून मारायचा. एकदा तिचा जबडा महिनाभर वाकडा राहिला. शेजारणी विचारायच्या, ती म्हणायची, "गाईनं लाथ मारली." अख्ख्या गावाला ठाऊक होतं की ती गाय दोन पायांची आहे. पण कोणी बोललं नाही. मी तर लोखंड. मला कुणाच्या हातात जायचं ते निवडता येत नाही. तरी त्या हातांना जोर मीच दिला होता, मित्रांनो, आणि ते मला अजून खातं.

शार्शेन मेला तोही दणक्यातच. उलाकच्या खेळात बोकडाच्या धडासाठी दहावीस घोडेस्वार एकमेकांवर तुटून पडतात. त्या रेट्यात त्याचा घोडा उलटला आणि खोगीर छातीवर आलं. रिवाजाप्रमाणे कलिपा मोठ्यानं रडली, गालांवर नखं ओढली. पण त्यानंतर दार वाजलं की तिचे खांदे वर जायचे थांबले. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

पुढे माझी रवानगी कोबीच्या पिंपावर झाली. कोबी आंबवायला घातला की वर फळी आणि फळीवर वजन लागतं. ते वजन मी. कोबी नसेल तेव्हा ओसरीच्या दाराला आडवी टेकवून ठेवायचे, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. मध्ये चारदोन महिने कलिपाचा धाकटा मुलगा तिलेक मला उचलायला लागला. नव्याचे नऊ दिवस! छाती जरा भरली, पोरी बघायला लागल्या, की मला पुन्हा दाराशी टाकलं. आमच्याकडे थोरले आपापली घरं करतात आणि धाकटा आईबापांच्या चुलीपाशी राहतो. घर त्याचं, आई त्याची. तिलेक कोळशाचा ट्रक चालवायचा, पंधरा दिवस खाणीवर, मग आठवडाभर घरी. त्यानं लग्न केलं आणि बुरुल ह्या घरात केलिन म्हणजे सून होऊन आली.

आता आमच्या लोकांचा एक खुळेपणा ऐका. केलिन आली की सासूचा मान वाढतो. मान म्हणजे काय? बसायचं. दारासमोरच्या भिंतीशी मऊ गाद्यांवर, घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी. समोर चहा, जर्दाळूचा मुरंबा, तळलेले पिठाचे बोरसोक. सासूनं किटली जरी उचलली तरी शेजारची बात्मा कुंपणावरून ओरडायची, "काय गं बुरुल, हात मोडले का तुझे? म्हातारीला राबवतेस?" मग बुरुल धावत येऊन किटली हिसकावून घ्यायची. बिचारी चांगली पोर. मान देत होती. कलिपा सात वर्षं बसली. गोठ्यात दुधाचे कॅन दोन्ही हातांत घेऊन धावणारी बाई! मांड्या सुकल्या, पोट सुटलं, साखरेचा आजार लागला. लोक म्हणायचे, "कलिपाचं नशीब थोर, केलिन काडीसुद्धा उचलू देत नाही."

एका वसंतात तिलेक खाणीवरून आला तो पिऊनच. दुपारची वेळ होती. मी दाराशी होते, दार सताड उघडं, सगळं दिसत होतं. बुरुल भावाशी फोनवर हसत होती, एवढंच कारण. त्यानं फोन भिंतीवर फेकला आणि तिला खाली पाडून लाथ घातली. कलिपा गादीवरून ओरडली, "तिलेक! सोड तिला!" आणि उठायला गेली. मित्रांनो, तिला उठताच येईना. हात टेकले, अर्धी उठली आणि पुन्हा बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मग रांगत निघाली. खोली केवढी, दहा पावलांची. ती पोचेपर्यंत त्यानं आणखी चार लाथा घातल्या होत्या आणि बुरुलची बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा.

त्या दिवशी बात्मा विचारायला आली. कलिपा म्हणाली, "शिडीवरून पडली गं." हे बोलताना ती खाली बघत होती. बुरुललाही तिनं सांगितलं होतं पूर्वी, "सहन कर, मीही केलं." ते पुन्हा मात्र ती कधी बोलली नाही.

बरगडी बांधायला गावच्या दवाखान्यातली गुलसून आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, तोंडानं फटकळ. तरुणपणी वजन उचलायच्या स्पर्धांत उतरलेली. तिनं बुरुलची बरगडी बांधली आणि मग कलिपाचं बोट टोचून साखर बघितली.

"एजे, ताई, हे काय? रक्त आहे का मुरंबा?"

"साखरेचं मरू दे," कलिपा म्हणाली. "मला उठायचंय. जमिनीवरून, हात न टेकता. पुढच्या वेळी मला तिथे पोचायचंय."

गुलसूननं बुरुलकडे पाहिलं. सगळं समजली. म्हणाली, "उठायला शिकशील तर साखरही ऐकेल तुझं. साखर खाणारं अंग म्हणजे मांस. मांड्यांचं, पाठीचं. तेच तू बसून बसून घालवलंस. आधी रक्त तपासू, मूत्रपिंड ठीक असेल तर एक पूड देते. माझा भाऊ कुस्तीगिरांना देतो. क्रिएटिन म्हणतात. रोज एक छोटा चमचा, आणि पाणी भरपूर. आणि गोळ्या चालूच ठेवायच्या, कळलं?"

तपासणी ठीक निघाली, पुडीचा डबा आला. आणि डबा चार दिवसांत संपला! आमच्याकडे एकट्यानं खायचं म्हणजे पाप. कलिपाकडे जो पाहुणा यायचा त्याच्या चहात ती एक चमचा टाकायची. बात्माला दिली, बात्माच्या नवऱ्याला दिली, लग्नाचं आवतण द्यायला आलेल्या दोघांना दिली.

"आणि तू काय उचललंस?" गुलसून कमरेवर हात ठेवून विचारत होती.

"काही नाही. पूड घेतली की."

"अगं बाई! पूड काय तुझ्यासाठी वजन उचलणार आहे? ती नुसता थोडा हात देते. कष्ट तुझेच. नुसती पूड खाऊन कोणी बळकट झालं असतं तर बात्माचा नवरा एव्हाना अस्वल झाला असता!"

कलिपा पोट धरून हसली. मग गुलसूननं ओसरीवर नजर फिरवली आणि तिला मी दिसले.

पण लगेच मला हात लावू दिला नाही तिनं. आधी लाकडी पेटीवर बसायचं आणि हात न लावता उठायचं, पाच वेळा. कलिपाला पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. ती शिव्या देत होती, पेटीला, गुडघ्यांना, मेलेल्या शार्शेनला. महिन्यानं पाच झाले. मग पाण्याची छोटी बादली. मग जवाचं पोतं, अर्धं भरलेलं. तिलेक खाणीवर असला की अंगणात हे चालायचं, तो घरी आला की ती पुन्हा गादीवर, मुरंबा मात्र बाजूला सारलेला. तिच्या अंगात काय बदलतंय ते त्याला दिसलं नाही. आईकडे बघतो कोण?

बुरुल घाबरून जायची. सासूला ती एने म्हणायची. "एने, ठेवा ना ते पोतं. लोक मला काय म्हणतील?"

"लोकांनी बोलायचं, मी उचलायचं," कलिपा म्हणायची. "तू फक्त मोज."

उन्हाळ्यात एका सकाळी तिनं माझी कडी दोन्ही हातांनी धरली. कितीतरी वर्षांनी कोणी मला ताकदीसाठी धरलं होतं. हाताला घट्टे होते, गाई दुहून पडलेले, अजून गेले नव्हते. वीतभर उचललं आणि टाकलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तळहात फुटले, चिंधी बांधून उचललं. गुलसून ओरडायची, "पाठ वाकवू नकोस! ढुंगण मागे घे, दार ढकलल्यासारखं!" शरद ऋतू येईपर्यंत ती मला पायांमधून झुलवून छातीपर्यंत आणायला लागली, दहा वेळा, मग थांबून पुन्हा दहा वेळा. साखर उतरली. तालुक्याच्या डॉक्टरनं एक गोळी अर्धी केली. शार्शेनच्या हातात मी फुगायची ना, ते काहीच नाही. कलिपाच्या हातात मी पहिल्यांदा कामाची झाले असं मला वाटलं. पण भीतीही वाटायची. मी मनात म्हणायची, वेळ आली आणि हिला नाही जमलं तर?

वेळ आली ती कोबी चिरायच्या दिवसांत, सकाळी. बुरुलला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं आणि ती ते करणार होती. तिलेकला हे बात्माकडून कळलं.

"माझ्या घरची केलिन परक्यांच्या कढया घासणार?" तो अंगणातूनच गरजत आला. "कुणाला विचारलंस?"

"एनेंना विचारलं," बुरुल म्हणाली. हातातली सुरी तिनं खाली ठेवली. तिला वाटलं, सुरी हातात दिसली तर तो जास्त चिडेल.

"एनेंना! घर कुणाचं आहे गं? चल, टाकून येतो तुला तुझ्या बापाच्या दारात. तिथे घास!"

त्यानं तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला फरफटत गाडीकडे नेलं. ट्रक खाणीवर असायचा, ही त्याची स्वतःची जुनी गाडी, अंगणात उभी. गाडीचं दार उघडून त्यानं तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं, बुरुलला समोरचं दिसेना. ती हात पुढे करून चाचपडत होती.

कलिपा गादीवर होती. ती उठली. हात टेकले नाहीत, मित्रांनो. चहाची वाटीसुद्धा सांडली नाही. दहा पावलांत ती दाराशी आली, ढुंगण मागे घेऊन वाकली आणि मला उचललं. दाराला लावलेली मीच निघाले, तर दार तिच्यामागे धाडकन आपटलं. तीन पायऱ्या उतरली. गाडीसमोर पाय रोवून उभी राहिली आणि मला पायांमधून झुलवलं. एक. दोन. तिसऱ्याला सोडलं.

मी गाडीची पुढची काच फोडून आत गेले. असला आवाज मी जन्मात केला नव्हता. काचांचा पाऊस पडला, स्टिअरिंग वाकलं, मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. तिलेकच्या हातून वेणी सुटली.

"अपा! वेड लागलं का तुला?" तो आईवर धावला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिच्या छातीवर धक्का दिला. सगळ्या जोरानिशी.

ती पडली नाही. एक पाऊल मागे गेली आणि उभी राहिली.

मग तिनं हात उगारला. कॅन उचलणारा, मला उचलणारा हात. ती चपराक कुंपणापलीकडे बात्मानं ऐकली. तिलेक काचांवर बसला, तळहात कापला, तोंडातून रक्ताची थुंकी टाकली आणि पुन्हा उठायला गेला. तिनं खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. तीनदा तो उठला, तीनदा तिनं बसवला. शेवटी तो रडायला लागला.

"घर तुझं नाही," ती म्हणाली. धाप लागली होती. "माझं आहे. मी मेल्यावर तुझं झालं असतं. आता नाही. चालता हो. केलिन इथेच राहील."

कुंपणाशी माणसं जमली होती. बात्माचा नवरा पुढे झाला. "उयात! लाज, कलिपा, लाज आहे का काही? पोटच्या पोराला हाकलतेस? आणि परक्याची पोर ठेवतेस? असं कुणी केलंय का कधी?"

"लाज मला आयुष्यभर वाटली," कलिपा म्हणाली. "आता त्याची त्याला वाटू दे. तू घरी जा, चहा पी."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपली असती. पण दुपारी गावचा पोलीस आला, काखेत वही घेऊन. तिलेकनंच तक्रार केली होती, आईनं गाडी फोडली म्हणून! पोलीस तरणा होता, लाजत होता. गुलसून बुरुलच्या कपाळाला टाके घालत होती. त्यानं तिकडे बघितलं नाही.

"अपा," तो म्हणाला, आमच्याकडे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आईसारखं अपाच म्हणतात. "तिलेक दारूत काहीही बरळतोय. म्हणे तुम्ही ते लोखंड फेकलंत. मी लिहितो, रस्त्यावरून दगड उडून काच फुटली. तुम्ही सही करा. घरातली भांडणं घरात राहू देत."

"दगड नाही. मी फोडली."

तो हसला. "वय काय तुमचं?"

"चौसष्ट."

"आणि साखर आहे ना तुम्हाला?"

कलिपानं मला सीटवरून काढून आणलेलं होतं, माझ्या कडीत अजून काचेचा चुरा होता. तिनं मला उचललं आणि त्याच्यासमोर झुलवायला लागली. बुरुल डोळ्यांवरचं रक्त पुसत मोजत होती. चौथ्याला त्याचं हसू गेलं. दहाव्याला त्यानं वही उघडली.

"लिही," कलिपा म्हणाली. "काच कलिपानं फोडली. लिहिलंस? आता पुढचं पान काढ. वसंतात हिची बरगडी मोडली. शिडीवरून पडली असं मी अख्ख्या गावाला सांगितलं. ते खोटं होतं. लाथेनं मोडली. मी बघत होते. तेही लिही."

"आणि कपाळ," बुरुल म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज त्या अंगणात मोठा निघाला. "हे आजचं."

तो लिहीत होता. कान लाल झाले होते त्याचे. झालं असं समजून त्यानं पेनाला टोपण लावलं.

"थांब," कलिपा म्हणाली. "माझा जबडा राहिला. आणि हे मोडलेलं बोट. आणि पोटातलं एक मूल."

"अपा, ते कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्यानं."

"अहो, ते तर वारले. वीस वर्षं झाली. त्यांच्यावर आता काय लिहू मी?"

"तो मेला म्हणून मी गाईची लाथ खाल्ली असं होतं का? लिही."

त्यानं टोपण काढलं. ऊन उतरेपर्यंत तो लिहीत होता आणि कलिपा उभ्यानं सांगत होती. गुलसूननं तिला पेटी पुढे केली, तरी ती बसली नाही. त्या मुलाबद्दल मलाही ठाऊक नव्हतं, मित्रांनो, आणि मी तर शार्शेनच्या हातांत रोज असायची.

आता मी अंगणात, माझ्या जागी असते. दाराला दगड लावलाय. बुरुल शाळेतून आली की दोघी आळीपाळीनं मला उचलतात. तिलेकचं पुढे काय व्हायचं ते कोर्ट ठरवील. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला तुम्ही मान म्हणून बसवून ठेवलं असेल, तर त्याला उठवा. डॉक्टरला विचारा, हलक्यापासून सुरुवात करा, घाई करू नका, पुडीवर विसंबू नका. हातातलं ओझं हिसकावून घेऊ नका. आणि ते माणूस स्वतःच्या पायांवर उभं राहिलं की काय काय बोलेल, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.